धागा एका जनुकाचा, राखण सहा जणांची

इ. कोलाय या जीवाणूच्या अंगावर उगवणारा एक धागा डिटर्जंटच्या द्रावणात घालून खळाखळा उकळला तरी सुटा होत नाही. प्रथिनं पचवणाऱ्या विकरांनाही तो सहजी दाद देत नाही. त्याचे एकेक रेणू मोकळे करायचे तर तीव्र फॉर्मिक आम्लात बुडवावा लागतो. मुंगी चावल्यावर जी आग होते ती याच आम्लाची, पण इथे ते जवळजवळ निर्भेळ लागतं. धाग्याची जाडी म्हणाल तर ४ ते ७ नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. या धाग्याला कर्ली म्हणतात, आणि त्याची घडण अमायलॉइड जातीची आहे.

अमायलॉइड हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर पडतो तो आजारपणात. अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत साचलेले थर, पार्किन्सनमध्ये चेतापेशींत जमणारे गोळे, टाइप २ मधुमेहात स्वादुपिंडात होणारा साठा, या सगळ्यांत प्रथिनांचे असेच न विरघळणारे धागे सापडतात. त्यामुळे अमायलॉइड म्हणजे घडी चुकलेलं प्रथिन, अमायलॉइड म्हणजे बिघाड, असंच कितीतरी वर्षं धरून चाललेलं होतं.

कर्ली दिसले होते १९८९ सालीच. स्टाफन नॉर्मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये त्यांचं वर्णन केलं, तेव्हा भर होता तो हे धागे फायब्रोनेक्टिन या मानवी प्रथिनाला चिकटतात यावर. पण हे धागे अमायलॉइड आहेत हे उलगडायला २००२ साल उजाडलं. अमेरिकेत सेंट लुईसला स्कॉट हल्टग्रेन यांच्या प्रयोगशाळेत मॅथ्यू चॅपमन आणि इतरांनी दाखवून दिलं की कर्लीची घडण रोगातल्या अमायलॉइडसारखीच आहे, आणि जीवाणू ती चुकून करत नाही. त्यासाठी त्याच्याकडे खास जनुकं आहेत, ती ठरावीक वेळी चालू होतात आणि ठरावीक जागीच धागा उभा राहतो.

या विषयावर लिहिणारे बहुतेक जण धाग्याच्या चिवटपणाने भारावून जातात. मला त्यापेक्षा मोठं नवल वाटतं ते आवरण्याचं. जे प्रथिन मोकळं सोडलं की आपल्याआप धागा बनतं आणि एकदा बनलं की काही केल्या सुटत नाही, ते स्वतःच्या पोटात तयार करून, जागीच न गोठू देता अंगाबाहेर पोचवायचं. हे इ. कोलाय कसं साधतो ते पाहण्यासारखं आहे. त्याआधी धागा मुळात बनतो कसा, ते बघू.

पट्ट्यांची रास

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, एवढं शाळेत येऊन गेलेलं असतं. या साखळीला एक कणा असतो, तो सगळ्या प्रथिनांत सारखाच. कण्यावर ठरावीक अंतराने बाजूला लोंबणारे रासायनिक गट असतात, ते वीस प्रकारचे. नेहमीच्या प्रथिनाची घडी बहुतांशी या लोंबत्या गटांच्या आपसातल्या ओढाताणीने ठरते. तेलकट गट पाण्याला टाळून आत वळतात, विद्युतभार असलेले बाहेर राहतात. म्हणून हिमोग्लोबिनचा आकार एक आणि इन्सुलिनचा दुसरा.

अमायलॉइडमध्ये मात्र कण्याचं राज्य चालतं. साखळीचे छोटे तुकडे ताणून सरळ होतात, त्यांना बीटा पट्ट्या म्हणतात. एका पट्टीवर दुसरी, तिच्यावर तिसरी अशी रास लागत जाते आणि लगतच्या दोन पट्ट्यांत सुमारे ०.४८ नॅनोमीटर अंतर राहतं. धागा ज्या दिशेने वाढतो त्या दिशेशी प्रत्येक पट्टी काटकोनात असते. कण्यावरचा ऑक्सिजन आणि शेजारच्या पट्टीच्या कण्यावरचा हायड्रोजन एकमेकांना धरतात. हा हायड्रोजन बंध एकटा असला तर अगदीच लेचापेचा, पण इथे असे हजारो बंध धाग्याच्या लांबीला समांतर, एका ओळीत येतात. शिवाय पट्ट्या एकमेकींना इतक्या खेटून बसतात की मधलं पाणी पिळून निघाल्यासारखं बाहेर जातं. धागा उकळून सुटत नाही तो यामुळे.

कणा तर सगळ्याच प्रथिनांना असतो. मग योग्य परिस्थिती मिळाली तर कुठलंही प्रथिन अमायलॉइड बनू शकेल का? ख्रिस डॉब्सन यांच्या गटाने १९९८ साली कुठल्याही रोगाशी संबंध नसलेल्या एका प्रथिनापासून प्रयोगशाळेत असे धागे करून दाखवले. पुढे अशी उदाहरणं वाढत गेली. त्यामुळे प्रश्नच उलटा झाला. काही प्रथिनं अमायलॉइड का होतात, यापेक्षा बाकीची सगळी का होत नाहीत, हे शोधण्याची वेळ आली. उत्तराचा एक भाग असा की उत्क्रांतीने पेशीतल्या प्रथिनांत जागोजागी अडसर घालून ठेवले आहेत. हा अडसर शब्द लक्षात असू द्या, पुढे लागेल.

कर्लीचा धागा ज्या प्रथिनाचा बनतो त्याचं नाव सीएसजी-ए. पेशीचं आतलं पटल (आवरण) ओलांडताना त्याच्या टोकाचा एक तुकडा कापला जातो आणि १३१ अमिनो आम्लांची साखळी उरते. तिची पहिली २२ अमिनो आम्लं बाहेरचा रस्ता सापडण्यापुरती असतात, धाग्याच्या गाभ्यात ती जात नाहीत. उरलेल्या साखळीत एकाच नमुन्याचे पाच भाग ओळीने येतात. प्रत्येक भागात सेरीन, ग्लुटामिन आणि अॅस्पॅराजिन ठरलेल्या जागी बसलेली. प्रत्येक भाग एक पट्टी, मग वळण, मग दुसरी पट्टी असा दुमडतो आणि पाच भाग एकावर एक बसतात. म्हणजे एका रेणूने धाग्याची लांबी पाच थरांनी, सुमारे २.४ नॅनोमीटरने वाढते. एक मायक्रोमीटर लांबीच्या धाग्याला अशा हिशोबाने चारशेच्या आसपास रेणू लागतील. इ. कोलायची स्वतःची लांबी जेमतेम दोन मायक्रोमीटर.

ही रचना बरीच वर्षं अंदाजावरच उभी होती. धागे एकमेकांत गुंतून जुडगे करतात, त्यामुळे नेमकं चित्र मिळत नव्हतं. २०२३-२४च्या सुमारास दोन वेगवेगळ्या गटांनी शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने, म्हणजे नमुना गोठवून, धागे पाहिले, आणि पाच थरांचा अंदाज बरोबर होता हे दिसून आलं.

पहिला रेणू अवघड, पुढचे सोपे

शुद्ध केलेलं सीएसजी-ए पाण्यात मोकळं ठेवलं की लगेच काही घडत नाही. धागा बनला की चमकू लागणारा थायोफ्लेविन-टी नावाचा रंग त्यात घालून यंत्रावर आलेख काढत बसायचं. तासभर, कधी दोन तास रेघ सपाट. मग अचानक ती चढू लागते, झपाट्याने वर जाते आणि माथ्यावर पुन्हा सपाट होते. पण सुरुवातीलाच जुन्या, तयार धाग्यांचे चिमूटभर तुकडे टाकले तर सुरुवातीची वाट पाहणं संपतं आणि रेघ लगेच वर निघते.

खडीसाखर करणाऱ्यांना यात नवं काही वाटणार नाही. पाक कितीही दाट असला तरी त्यात दोरा सोडल्याशिवाय खडे नीट धरत नाहीत. पहिले काही कण एका जागी, एका रचनेत येणं हेच कठीण असतं. दोन-तीन रेणू जवळ आले तरी ते टिकण्यापेक्षा सुटण्याची शक्यताच जास्त. ठरावीक संख्येच्या पुढे रास गेली की पारडं फिरतं आणि प्रत्येक नव्या रेणूला टोकाला चिकटणं फायद्याचं होतं. या आरंभीच्या टप्प्याला केंद्रकनिर्मिती म्हणतात. अल्झायमर मेंदूत वर्षानुवर्षं गुपचूप का वाढत असावा, याच्या चर्चेतही हीच संकल्पना येते.

इ. कोलायने पाकात सोडायचा दोरा वेगळा बनवला आहे. त्याचं नाव सीएसजी-बी. रचना सीएसजी-एसारखीच, पण हे प्रथिन पेशीच्या बाहेरच्या पटलावर घट्ट बसवलेलं असतं. सीएसजी-ए त्याला जाऊन भिडतं, त्याच्या पट्ट्यांवर आपल्या पट्ट्या बसवतं, आणि धाग्याला सुरुवात होते.

सात जणांचं कुटुंब

कर्लीची जनुकं सात. ती दोन गटांत, एकमेकांकडे पाठ करून डीएनएवर शेजारी शेजारी बसलेली आहेत. एका गटात बी, ए, सी (प्रत्येकाच्या आधीचं 'सीएसजी' इथून पुढे गाळतो). दुसऱ्यात डी, ई, एफ, जी. धाग्याचा जवळजवळ सगळा माल एकट्या ए-चा. बाकीचे सहा जण कधी, कुठे आणि किती, एवढंच सांभाळतात.

डी ठरवतं कधी. ते दुसऱ्या जनुकांना चालू करणारं प्रथिन आहे, आणि ते स्वतः अनेक इशाऱ्यांची वाट पाहतं: अन्न संपत आलेलं असणं, क्षार कमी असणं, तापमान उतरलेलं असणं. प्रयोगशाळेतले बहुतेक प्रकार कर्ली करतात ते २६ ते २८ अंशांना, ३७ अंशांना नाही. म्हणजे आतड्यातून बाहेर पडल्यावर. रुग्णांकडून घेतलेले काही प्रकार मात्र शरीराच्या तापमानालाही कर्ली करतात.

सी सर्वांत छोटं आणि माझ्या लेखी सर्वांत हुशार. इ. कोलायला दोन पटलं असतात आणि मध्ये अरुंद फट. ए या फटीत येतं तेव्हा ते घडी न पडलेल्या, सैल अवस्थेत असतं. तिथेच त्याचा धागा झाला तर जीवाणूचा स्वतःचाच कोंडमारा. सी तिथे पहारा देतं आणि ए-ला रास लावू देत नाही. यासाठी दर रेणूला एक पहारेकरी लागत नाही, थोडकं सी बऱ्याच ए-ला थोपवून धरतं. त्याहून नवल म्हणजे हे जीवाणूचं प्रथिन पार्किन्सनशी जोडलेल्या आल्फा-सिन्युक्लीन या मानवी प्रथिनाचा धागाही परीक्षानळीत रोखतं.

ई हे ए-ला बाहेरच्या दरवाजाशी आणून पोचवतं. एफ दरवाजाच्या बाहेरच्या तोंडाशी असतं आणि बी-ला पटलावर जागी ठेवायला मदत करतं. दरवाजा म्हणजे जी.

अडसर मात्र ए-च्या अंगातच आहेत. पाच भागांपैकी पहिला आणि पाचवा भाग चिकटायला उतावीळ, मधले तीन तेवढे नाहीत. चॅपमन यांच्या प्रयोगशाळेने २०१० साली दाखवलं की मधल्या भागांत ग्लायसीन आणि अॅस्पार्टिक आम्ल अशा जागी ठेवलेलं आहे की रास लागण्याचा वेग मंदावतो. त्यांनी ही अमिनो आम्लं बदलून पाहिली. बदललेलं प्रथिन कितीतरी वेगाने धागा करू लागलं, त्याला बी-चीही गरज उरली नाही. पण धागे भलत्याच जागी झाले, पेशीला नीट धरून राहिले नाहीत, आणि पेशीला ते बाधलंही. धागा झटपट होणं जीवाणूच्या हिताचं असतं तर हे अडसर कधीच गळून पडले असते. ते टिकून आहेत यातच सगळं आलं.

दोन रेघांचा प्रयोग

बी पटलावर बसून ए-ची वाट पाहतं, हे कसं कळलं? १९९६ सालचा प्रयोग इतका साधा आहे की तो सविस्तर सांगायलाच हवा.

काँगो रेड हा मुळात कापसाच्या कापडासाठी १८८०च्या दशकात जर्मनीत निघालेला रंग. अमायलॉइडला तो पकडतो, म्हणून रोगनिदानात आला. जीवाणू वाढवायच्या आगर बशीत मीठ न घालता, थोडं यीस्टचं सत्त्व आणि हा रंग घालून इ. कोलाय लावायचा आणि २६ अंशांना दोन दिवस ठेवायचा. कर्ली करणारी वसाहत गडद लाल होते, कोरडी पडते, तिच्यावर सुरकुत्या येतात. सळईने उचलायला गेलं तर आख्खा पापुद्रा हाती येतो. कर्ली न करणारी वसाहत फिकी, गुळगुळीत, ओलसर राहते. (निव्वळ लाल रंगावरून मात्र कर्ली आहेत असं म्हणता येत नाही. जीवाणूने केलेलं सेल्युलोजही काँगो रेड धरतं.)

आता दोन बिघडवलेले प्रकार घ्यायचे. एकात ए-चं जनुक मोडलेलं, म्हणजे धाग्याचा माल नाही, पण बी शाबूत. दुसऱ्यात बी मोडलेलं, ए शाबूत. एकटे वाढवले तर दोघेही फिके. मग एकाच बशीत दोघांच्या रेघा अगदी जवळजवळ, पण एकमेकींना न लागू देता ओढायच्या. दोन दिवसांनी पाहिलं तर ज्याच्याकडे ए नाही, त्याची रेघ शेजाऱ्याच्या बाजूला लाल झालेली! ज्याच्याकडे ए आहे तो मात्र फिकाच.

म्हणजे बी नसलेला जीवाणू ए बाहेर सोडत होता, पण ते त्याच्या अंगावर धरत नव्हतं. ते आगरमधून सरकत शेजाऱ्यापर्यंत गेलं, तिथे बी भेटलं, आणि धागे शेजाऱ्याच्या अंगावर उगवले. ए बाहेर पडतं ते सुटं, विरघळलेलं असतं. धाग्याची जागा बी ठरवतं. दोन रेघा आणि एक कापडी रंग, एवढ्यावर हा निकाल लागला. महागडं यंत्र हाती नसलं की विज्ञान होत नाही असं म्हणणाऱ्यांना हा प्रयोग जरूर ऐकवावा.

दरवाजाची भलतीच कमाई

जी या दरवाजाची नेमकी रचना २०१४ साली ब्रसेल्सच्या हान रेमाउट यांच्या गटाने उलगडली. सारख्या नऊ तुकड्यांचं कडं, मध्ये भोक, आणि भोकाची सर्वांत अरुंद जागा साधारण ०.९ नॅनोमीटर. घडी पडलेलं प्रथिन यातून जाऊच शकत नाही. म्हणजे ए-ला सैल साखळीच्याच रूपात बाहेर पडणं भाग आहे, आणि दोन पटलांच्या फटीत चुकून गाठ बसली तर ती बाहेर निघणार नाही. बरं, त्या फटीत एटीपी नसतं, म्हणजे ढकलायला रासायनिक इंधन नाही. आत कोंडलेल्या सैल साखळीला बाहेर जास्त मोकळीक मिळते, त्या जोरावरच ती निघत असावी असा रेमाउट यांच्या गटाचा प्रस्ताव आहे.

एका वेळी एकच सैल साखळी जाऊ देणारं, टणक आणि जागचं न हलणारं भोक. डीएनए वाचणारी यंत्रं करणाऱ्या ऑक्सफर्ड नॅनोपोर कंपनीला नेमकं हेच हवं होतं. २०१६ साली आलेल्या त्यांच्या आर-९ मालिकेत जी-चंच थोडं बदललेलं रूप बसवलं होतं. भोकातून डीएनएचा धागा सरकतो, अक्षरागणिक विद्युतप्रवाह किंचित बदलतो, आणि त्या चढउतारावरून क्रम वाचला जातो. पुढे २०२० साली एफ-चा छोटा तुकडा भोकाच्या तोंडाशी बसवून दुसरी अरुंद जागाही तयार केली, म्हणजे एकच अक्षर ओळीने पुन्हा पुन्हा आलं तरी मोजणी चुकायची कमी झाली. करोनाच्या काळात विषाणूचा जनुकक्रम वाचायला ही छोटी यंत्रं जगभर वापरली गेली. एका जीवाणूच्या इवल्याशा दरवाजाने तेवढी मजल मारली.

एवढा खटाटोप कशासाठी

जीवाणू मोकळे तरंगतात त्यापेक्षा थर करून राहतात ते जास्त. दातांवरचं किटण, सिंकच्या जाळीवरचा बुळबुळीत लेप, मूत्रमार्गातल्या नळीच्या आत बसणारा थर, हे सगळे असे थर आहेत. त्यांना जैवपटल म्हणतात. पेशींच्या मधल्या जागेत धागे, शर्करा आणि डीएनए यांचं जाळं असतं. मूत्राशयाच्या संसर्गातून मिळालेल्या इ. कोलायच्या एका प्रकारात २०१३ साली या जाळ्याचं वजन तोललं गेलं, तेव्हा सुमारे ८५ टक्के कर्ली आणि १५ टक्के सेल्युलोज निघालं. हे जाळं असलं की पेशी कोरड्या पडत नाहीत, वाहून जात नाहीत, औषधांचा माराही सोसतात. स्टीलच्या पृष्ठभागाला किंवा अल्फाल्फाच्या मोडांना इ. कोलाय आणि साल्मोनेला चिकटून राहतात त्यातही कर्लीचा वाटा असल्याचं दिसलं आहे.

इ. कोलायला यात एक सोय आहे. पेशीबाहेर एटीपी नाही, मदतनीस प्रथिनं नाहीत, दुरुस्तीचं साधन नाही. अशा ठिकाणी काही बांधायचं तर स्वतःच जुळणारा आणि नंतर देखभाल न मागणारा माल हवा. अमायलॉइड त्याला नेमकं बसतं.

इतर जीवाणूंतही असे धागे आहेत. स्युडोमोनासमध्ये फॅप-सी, मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसमध्ये हवेत उठणाऱ्या तंतूंवर चॅप्लिन. पण सगळ्यांना एका माळेत ओवताना थोडं जपून. बॅसिलस सबटिलिसचं टॅस-ए २०१० साली अमायलॉइड म्हणून जाहीर झालं आणि पुनःपुन्हा तसंच सांगितलं गेलं. २०२२ साली जैवपटलातल्या त्या धाग्यांची रचना जवळून पाहिली, तर तिथे एक रेणू आपली एक पट्टी पुढच्या रेणूच्या खाचेत बसवतो असं आढळलं, अमायलॉइडची रास नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जीवाणूचं एक विषारी पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) तर पट्ट्यांऐवजी मळसूत्री तुकड्यांची रास लावतं; मेताल लांडाऊ यांच्या गटाने २०१७ साली ते दाखवलं. लांब, बारीक, न विरघळणारा धागा दिसला, रंग धरला, म्हणून तो अमायलॉइड ठरत नाही. शास्त्रीय लेखांत 'अमायलॉइडसदृश' असं सावध लिहिलेलं दिसतं, त्यामागे हे अनुभव आहेत.

आपल्या शरीरातही कामाची अमायलॉइडं आहेत. पवईच्या आयआयटीतले समीर माजी आणि रोलंड रीक यांनी २००९ साली दाखवलं की पीयूषिका ग्रंथीतली काही संप्रेरकं साठवणीत अमायलॉइडसारख्या धाग्यांच्या रूपात असतात आणि सोडल्यावर सुटी होतात. कर्ली सुटता सुटत नाहीत आणि हे सहज सुटतात. त्यामुळे चिवटपणा हाच अमायलॉइडचा धर्म, असंही म्हणता येत नाही.

आपल्याला त्रास होतो का

इथे वाचणाऱ्याने डोकं थंड ठेवावं, कारण या विषयावर भडक मथळे पुष्कळ येतात.

शरीराची प्रतिकारयंत्रणा कर्लीला ओळखते, हे नक्की. टीएलआर-२ नावाचा ग्राहक रेणू ते पकडतो. उंदरांमध्ये कर्ली आणि जीवाणूंचा डीएनए एकत्र आले की ल्युपससारखा, प्रतिकारयंत्रणा आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार बळावतो असं २०१५ साली दिसलं. २०२० साली आणखी एक प्रयोग गाजला. आल्फा-सिन्युक्लीन जास्त बनवणाऱ्या उंदरांच्या आतड्यात कर्ली करणारा इ. कोलाय सोडला, तेव्हा त्यांच्या हालचाली अधिक बिघडल्या. त्याच जीवाणूतून ए-चं जनुक काढलं, तर तसं झालं नाही.

पण हे उंदीर मुळात त्या प्रथिनाच्या अतिरेकासाठीच तयार केलेले. इ. कोलाय आपल्यापैकी बहुतेक सगळ्यांच्या आतड्यात असतो आणि पार्किन्सन थोड्यांनाच होतो. कर्लीमुळे माणसाला पार्किन्सन होतो, असं या प्रयोगांवरून म्हणता येत नाही. कुठलं चूर्ण किंवा प्रोबायोटिक घेऊन तो टळतो, असं तर मुळीच नाही.

धाग्यावर काहीही टांगा

अभियंत्यांना कर्ली आवडले ते एका सोयीमुळे. ए-च्या शेपटाला दुसरं छोटं पेप्टाइड जोडलं तरी धागा बनायचा थांबत नाही, आणि ते पेप्टाइड धाग्याच्या अंगावर जागोजागी उघडं राहतं. २०१४ साली नील जोशी यांच्या गटाने अशा धाग्यांवर चांदीचे कण धरणारे आणि स्टीलला चिकटणारे तुकडे बसवले. त्याच वर्षी एमआयटीत टिमोथी लू यांच्या गटाने सोन्याचे नॅनोकण धरवून वीज वाहून नेणारं जैवपटल केलं. ठरावीक रसायन टाकलं की धागे सुरू, नाहीतर बंद, असं नियंत्रण त्यात होतं. २०२१ साली जोशी यांच्याच गटाने कर्लीचा लगदा वाळवून प्लास्टिकसारखा पापुद्रा केला. पाणी लावलं की तो मऊ होतो, तुटला तर पाण्यानेच सांधता येतो.

सर्वांत धाडसी प्रयोग २०१९ सालचा. पहिल्या महायुद्धात आल्फ्रेड निसल या जर्मन डॉक्टरांनी, अतिसारापासून बचावलेल्या एका सैनिकाकडून मिळवलेला निरुपद्रवी इ. कोलाय आजही प्रोबायोटिक म्हणून विकला जातो. त्यात बदल करून त्याच्याकडून कर्ली करवून घेतले, आणि धाग्याच्या अंगावर आतड्याचं अस्तर भरून काढायला मदत करणारं एक मानवी प्रथिन जोडलं. आतड्याला सूज आणवलेल्या उंदरांत त्याने संरक्षण दिलं. यात तापमानाचा पेच होता. आतडं ३७ अंशांचं, आणि या जनुकांची नेहमीची व्यवस्था त्याहून थंड जागी चालू होणारी. म्हणून धाग्याची जनुकं बाहेरून, वेगळ्या नियंत्रणाखाली द्यावी लागली.

माणसावर हे करायचं झालं तर टीएलआर-२ चा मामला पुन्हा पुढे येतो. ज्या धाग्यावर औषध टांगायचं तोच धागा प्रतिकारयंत्रणेला चेतवतो, आणि सुजलेल्या आतड्याचं अस्तर आधीच फाटलेलं असतं. तिथे कर्लीची मात्रा किती ठेवायची, ती थांबवायची कशी आणि काम झाल्यावर जीवाणू आतड्यातून काढायचा कसा, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय माणसावरची चाचणी हाती घेता येणार नाही.